महालक्ष्म्या दीड फूट वर

महालक्ष्म्यांना यंदा जमिनीपासून दीड फूट वर बसवायचं, एवढंच ठरलं होतं. काम एका पाटाएवढं होतं. पुढे जे घडलं त्याची जबाबदारी कुणा एकावर टाकता येणार नाही, हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवतो. चौतीस वर्षं मी एका दैनिकात शहराचं पान लावलं. घटना आधी, आरोप मागून, हा क्रम आता हातून चुकत नाही.

घटना अशी की आषाढात माझा उजवा गुडघा बदलला. नव्या गुडघ्याने सगळं करता येईल, फक्त मांडी घालून बसता येणार नाही, असं डॉक्टरांनी पंख्याचं बटण दाबावं तितक्या सहजपणे सांगितलं. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत नसाव्यात. आमच्याकडे भाद्रपदात बसतात, आवाहन, पूजन, विसर्जन असे अडीच दिवस, आणि मधल्या दिवशीची पूजा घरातल्या थोरल्या पुरुषाने सोवळ्यात, पाटावर मांडी घालून करायची असते. एकोणतीस वर्षं ती मी केली. मला जमलं नाही तर पुढचा नंबर महाल भागात राहणाऱ्या विश्वनाथाचा. हा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि स्वभावाने अतिशय मदत करणारा. मी दवाखान्यातून घरी आल्यापासून तो चार वेळा म्हणाला, "दादा, तुम्ही आराम करा, मी आहे ना." चौथ्यांदा म्हणाला तेव्हा त्याने पूजेचा रेशमी कद धुवायलाही टाकला होता.

आमच्या घरात एकदा हातातून गेलेली पूजा परत येत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो बदलता येत नाही. काकांच्या हातून ती मलेरियाच्या एका तापात गेली. पुढच्या वर्षी काका खडखडीत बरे होते, पण पाटावर मीच बसलो. "काका, तुम्ही आराम करा, मी आहे ना," असं मी त्यांना म्हणालो होतो, हे मला आता फार स्पष्टपणे आठवायला लागलं होतं.

तेव्हा मी गुरुजींना फोन लावला. खुर्चीवर बसून पूजा चालते का? गुरुजी म्हणाले, चालते, आता सगळेच गुडघे बदलून राहिलेत, शास्त्राला काळाबरोबर राहावंच लागतं. फक्त यजमान देवीपेक्षा उंच बसलेला चालायचा नाही. माझी खुर्ची दीड फुटाची. यजमानाला खाली आणता येत नव्हतं, म्हणून देवींना वर नेण्याचा निर्णय झाला. निर्णय मी घेतला आणि माझी पत्नी नीला हिला कळवला. ती म्हणाली, "गुडघा बदलला, स्वभाव तेवढा राहिला."

इथे वॉकरबद्दल सांगणं भाग आहे. आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, ज्येष्ठ नागरिक मंडळाचं रुग्णसाहित्य केंद्र आहे. तिथे वॉकर, पलंग, काठ्या वापरायला मिळतात आणि ते अनंतराव चालवतात. अनंतराव महसूल खात्यातून निवृत्त झाले, पण महसूल खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. वॉकर पंचेचाळीस दिवसांसाठी. तिसाव्या दिवशी आठवणीचा फोन, अडतिसाव्या दिवशी दुसरा. मुदतवाढ मिळते, पण त्यासाठी अर्जदाराने स्वतः केंद्रात यावं लागतं, आणि जो स्वतः केंद्रात येऊ शकतो त्याला वॉकरची गरज नाही असं धरून अर्ज फेटाळला जातो. हा नियम त्यांनी मला अभिमानाने वाचून दाखवला. माझा पंचेचाळिसावा दिवस नेमका महालक्ष्मीपूजनाचा निघाला. मी म्हणालो, मुदतवाढ मागणाऱ्यांतला मी नव्हे. त्या दिवशी दहाच्या ठोक्याला वॉकर तयार असेल.

आता जे नोंदवतो ते थोडं अडचणीचं आहे. फिजिओथेरपिस्ट चिन्मयी, वयाने माझ्या नातीएवढी, एक दिवसाआड येऊन माझा पाय वाकवायची आणि अंश मोजायची. चोविसाव्या दिवशी तिने काठी आणून दिली आणि सांगितलं, आजोबा, वॉकर बंद. मी काठीची तपासणी केली, ती उत्तम आहे असं सांगितलं आणि प्लॅस्टिकच्या वेष्टनासकट कपाटाच्या मुठीला अडकवून ठेवली. वॉकरची मुदत पंचेचाळीस दिवसांची आहे, वापर पूर्ण व्हायला हवा, असा माझा मुद्दा होता. चिन्मयी म्हणाली, "पाय तयार आहे आजोबा. तुम्ही कधी होणार?" वाक्य चांगलं होतं. संपादनाला जागा नव्हती.

शेजारच्या प्रेमिलाताईंचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते गुडघा बदलायचीच गरज नव्हती, तिळाच्या तेलात लसूण कडकडवून लावायला हवा होता. बदलून झाल्यावर तेल कुठे लावायचं, हा माझा प्रश्न त्यांना उद्धट वाटला. त्यांचे मेव्हणे मौद्याला राहतात. ते ऑपरेशननंतर दहाव्या दिवशी दोन मजले चढून गेले होते. उतरून आले का, हे मी तीनदा विचारलं, पण प्रत्येक वेळी विषय लसणाकडे वळला.

देवींखालच्या लाकडी चौथऱ्याचं काम बाबूलाल सुताराला दिलं. त्याने हॉल पाहिला, देवींच्या साड्या नेसवायचे दोन सागवानी स्टँड पाहिले, माझा पाय पाहिला आणि म्हणाला, "काही टेन्शन नाही साहेब. मी करून देतो." चौथरा तीन दिवसांत झाला आणि चांगला झाला. त्यावर स्टँड ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आलं की मुखवटे लांब दांडीच्या पंख्याला भिडतात. शिवाय वरून फुलोरा टांगायचा असतो, म्हणजे करंज्या, पापड्या, सांजोऱ्या. पंखा चालू केला असता तर तो सगळा नैवेद्य थेट पाहुण्यांपर्यंत गेला असता.

पंखा काढायला नीलाने नकार दिला. भाद्रपदातल्या नागपुरी उकाड्यात साठ माणसं जेवायची होती. तेव्हा बाबूलाल म्हणाला, स्टँडचे पाय थोडे थोडे कापू. थोडे थोडे हा शब्द मी तेव्हा ऐकायला हवा होता. त्याने ज्येष्ठेचा स्टँड चौथऱ्यावर ठेवून मापला आणि कनिष्ठेचा जमिनीवर ठेवून. कापून दोन्ही शेजारी उभे केले तर थोरली बहीण धाकटीपेक्षा दीड फूट बुटकी झाली होती. धाकटीला कापलं, ती दोन बोटं कमी झाली. थोरलीला पुन्हा कापलं. हे चाललं असताना प्रेमिलाताई दारात उभं राहून, आता इकडून, आता तिकडून, असं सांगत होत्या. तिसऱ्या फेरीत थोरलीच्या स्टँडचा पाय सांध्यातून उभा चिरला.

ती आवाहनाच्या दिवसाची सकाळ होती. बाबूलालने दोन्ही तुकडे एकमेकांना जुळवून पाहिले आणि तो म्हणाला, "लाकूड जुनं होतं ना साहेब." दुपारपर्यंत नवा पाय बसवून आणतो, असं सांगून तो गेला. एक वाजता फोन केला तर तो येऊन राहिला होता. अडीच वाजता येऊन राहिला होता. चारलाही येऊनच राहिला होता.

इकडे एक धार्मिक प्रश्न वेगळाच सुटला होता. पूजेच्या दिवशी मी सोवळ्यात असणार, म्हणजे आमच्या घरच्या रिवाजाने मला कुणी, अगदी दुसऱ्या सोवळ्यातल्यानेही, शिवायचं नाही, हात धरायचा नाही. न्हाणीपासून चौथऱ्यापर्यंत एकोणीस फूट अंतर, मी स्वतः टेपने मोजून घेतलं होतं. वॉकर सोवळ्यात चालतो का? गुरुजी म्हणाले, धातू पाण्याने शुद्ध होतो. खालच्या रबरी टोपणांबद्दल शास्त्र काही बोलत नाही, गंगाजल शिंपडा. काठीची मूठ मात्र प्लॅस्टिकची होती आणि प्लॅस्टिकबद्दल गुरुजी ठाम होते. म्हणून त्या सकाळी आम्ही वॉकरला घासून आंघोळ घातली, गंगाजल शिंपडलं आणि न शिवता ओट्यावर वाळत ठेवला. बाबूलालला चारचा फोन झाल्यावर मी पलंगावर व्यायाम केले आणि माझा डोळा लागला.

उठलो तेव्हा साडेपाच वाजले होते. हॉलमधून घंटेचा आवाज येत होता. आवाहन झालेलं दिसत होतं, म्हणजे बाबूलाल आला असावा. पलंगाच्या कडेवर बसून मी दारातून पाहिलं. दोघी चौथऱ्यावर उभ्या होत्या, अगदी समान उंचीच्या. धाकटी जरा तिरकी वाटली. थोरली मात्र हिरव्या पैठणीत अशी भक्कम उभी होती की इतक्या वर्षांत तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. मी समाधानाने खाली पाहिलं. पैठणीच्या काठाखालून चार काळी रबरी टोपणं डोकावत होती.

हे विश्वनाथाच्या बायकोचं काम होतं. गोपिका अडचणीत न घाबरणारी बाई आहे, आणि अशा बायकांमुळे इतरांच्या अडचणी वाढतात. मुहूर्त टळत होता, स्टँड नव्हता, आणि ओट्यावर एक धुतलेली, शुद्ध केलेली, कुणीही न शिवलेली, उंची कमीजास्त करता येणारी वस्तू उभी होती. तिने दोन बटणं दाबून माप जुळवलं, वर फळी बांधली, फळीवर डबा, डब्यावर मुखवटा. नीला स्वयंपाकघरात होती. तिला कळलं तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या.

मी आवाज शक्य तितका खाली ठेवून म्हणालो की तो वॉकर माझा आहे.

"आता तिचा आहे, भाऊजी," गोपिका म्हणाली.

अक्षता पडल्या की अडीच दिवस देवी जागची हलवायची नाही. हे मला माहीत होतं. हे मीच सगळ्यांना दरवर्षी सांगत आलो होतो.

संध्याकाळी घरात बैठक झाली. बैठकीला मी पलंगावरून उपस्थित होतो. विश्वनाथ म्हणाला की आता प्रश्नच मिटला. दादांना वॉकर नाही, काठी चालत नाही, हात धरता येत नाही. तेव्हा यंदा त्यानेच पूजा करावी, दादांनी पलंगावरून नमस्कार करावा, देवी भावाची भुकेली असते. सगळ्यांनी मान हलवली. प्रेमिलाताईंनीही हलवली, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मी काही म्हणायच्या आत नीला उठली आणि कपाटाच्या मुठीवरची काठी काढून तिचं प्लॅस्टिक टराटरा फाडलं. "उठा," ती म्हणाली. "जेवणापर्यंत काठीने चाला. उद्याचं उद्या."

काठीने मी त्या संध्याकाळी पलंगापासून हॉलच्या दारापर्यंत अकरा फेऱ्या मारल्या. चिन्मयीला फोनवर विचारलं की काठीशिवाय एकोणीस फूट जाता येईल का. ती म्हणाली, जमीन कोरडी असेल तर आणि तुम्ही खाली न बघता चाललात तर. वर म्हणाली, "वीस दिवसांपूर्वीच जमलं असतं आजोबा." तरुण माणसांना कुठे थांबावं कळत नाही.

गुरुजींकडून एवढीच सवलत मिळाली की भिंतीला हात लावला तर चालेल. भिंत म्हणजे मातीच. न्हाणीपासून दहा फूट भिंत होती. उरले नऊ फूट. या नऊ फुटांत धरायला काहीच नव्हतं. एका बाजूला नुसती माणसं, आणि त्यांना धरायचं नव्हतं.

पूजनाच्या दिवशी नीलाने जमीन तीनदा कोरडी पुसली. मी आंघोळ करून कद नेसलो. दाराबाहेर विश्वनाथही कद नेसून, आंघोळ करून, तयार उभा होता. आपल्या बाजूने त्याने काही वाईट केलेलं नाही, हे मी नोंदवतो. दादा पडले तर पूजा खोळंबू नये एवढाच त्याचा विचार होता. एकोणतीस वर्षांपूर्वी माझाही एवढाच होता.

भिंतीचे दहा फूट मी व्यवस्थित गेलो. भिंत संपली तिथे थांबलो. हात भिंतीवरच राहिला. मी त्याला उचलायला सांगत होतो आणि तो ऐकत नव्हता. समोर सोळा भाज्यांचं ताट, आंबिलीचं भांडं, समयांच्या ज्योती, आणि माझ्या वॉकरवर उभी असलेली थोरली. साठ माणसांत कुणी बोलत नव्हतं. नागपूरकर माणसं एकत्र येऊन गप्प बसतात तेव्हा काहीतरी गंभीर असतं.

त्याच वेळी घड्याळात दहाचा ठोका पडला आणि दारात अनंतराव उभे राहिले, बगलेत नोंदवही.

मी भिंत सोडली. पहिलं पाऊल, दुसरं. गुडघ्यात काही झालं नाही. तिसऱ्या पावलाला मी खाली पाहिलं आणि डगमगलो. अनंतरावांनी चपला काढल्या, नोंदवही खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढे करून माझ्याकडे धावले.

"शिवू नका त्यांना," नीला म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. पण अनंतराव जागच्या जागी थांबले, हात तसेच पुढे. मीही थांबलो. आमच्यात दीड हाताचं अंतर होतं. तो माणूस वॉकर परत मागायला आला होता आणि आता मला झेलायला उभा होता. न शिवता झेलायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्यापेक्षा जास्त भीती होती. ती पाहून मला बरं वाटलं, असं म्हणणं बरोबर नाही, पण खरं तेच आहे. मी त्याच्याकडे बघत चालू लागलो. मी एक पाऊल पुढे, तो हात पसरून एक पाऊल मागे. असे आम्ही दोघे चौथऱ्यापर्यंत गेलो. मी खुर्चीवर टेकलो. विश्वनाथाने पळी-पंचपात्र माझ्यासमोर सरकवलं आणि म्हणाला, "आचमन करा दादा." त्याचे डोळे भरले होते. माझेही भरले असावेत. समयांचा धूर होता.

पूजा दीड तास चालली. खुर्चीवरून देवींचे चेहरे बरोबर समोर येत होते. इतक्या वर्षांत पाटावर बसून मी त्यांच्या हनुवट्याच पाहत आलो होतो, हे त्या दिवशी कळलं.

आरतीनंतर अनंतरावांनी नोंदवही उघडली आणि साहित्य कुठे आहे, असं विचारलं. मी बोट दाखवलं. त्यांनी पैठणीखाली वाकून रबरी टोपणं मोजली. चार. मग ते बराच वेळ नोंदवहीतले रकाने पाहत राहिले. मुदतवाढीसाठी अर्जदाराने स्वतः यावं लागतं, आणि आत्ता वापरणारी व्यक्ती येण्याच्या स्थितीत नव्हती. अखेर त्यांनी लिहिलं ते मला दाखवलं: साहित्य प्रत्यक्ष पाहिले, सुस्थितीत, वापरात. मग ते पंगतीत बसले आणि पुरणपोळी दोनदा घेतली. उठताना मात्र म्हणाले की उमरेडच्या एका बाईंना परवा, म्हणजे माझ्या सत्तेचाळिसाव्या दिवशी, दवाखान्यातून सोडणार आहेत, त्यांचं नाव या वॉकरवर लागलेलं आहे, आणि त्यापुढे महालक्ष्मीचंसुद्धा ऐकलं जाणार नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी मी काठीने केंद्रात गेलो. चार गल्ल्या, दोन ठिकाणी थांबून. वॉकर विश्वनाथाने उचलून आणला. अनंतरावांनी तो उजेडात धरून तपासला. मुठींवर हळदी-कुंकू लागलं होतं, एका नळीवर अक्षता चिकटल्या होत्या. साहित्य दिलं तसंच स्वच्छ परत घेतलं पाहिजे, असा नियम आहे, म्हणून त्यांनी ओलं फडकं आणलं.

तेवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला. मागच्या सीटवर पाय लांब करून उमरेडच्या त्या बाई, कांताबाई, बसल्या होत्या, सोबत मुलगी. जाड बांध्याची, साठीतली बाई. चाळीस वर्षं हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून साड्या विणल्या आणि आता दोन्ही गुडघे एकदमच बदलून घेतले. वॉकर पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "मोडणार तं नाही ना जी? माहं वजन लय आहे." मी म्हणालो, मोडणार नाही. मग त्यांना ते कुंकू दिसलं. याच्यावर कोण होतं, असं त्यांनी विचारलं आणि मला सगळं सांगावं लागलं. थोडक्यात सांगितलं, बातमीसारखं. मुलगी हसायला लागली. कांताबाई हसल्या नाहीत.

"ते फडकं ठेवा तिकडं," त्या अनंतरावांना म्हणाल्या. मग मुलीला, "चप्पल काढ वं माही."

केंद्राचा नियम क्रमांक चार असा आहे की वॉकर रबरी तळाची चप्पल घालूनच वापरावा. अनंतरावांनी तो वाचून दाखवण्यासाठी नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली. मुलीने आईच्या चपला काढून ऑटोत ठेवल्या. कांताबाईंनी दोन्ही हात आधी कपाळाला लावले, मग मुठींवर ठेवले आणि ऑटोतून उतरून उभ्या राहिल्या. उभ्या राहून तशाच राहिल्या. हात मुठींवर घट्ट, आणि पाय कुठला हलेना.

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला, एवढं मला माहीत होतं. ते मी सांगितलं.

"माहे तं दोन्ही दुखरे हायेत," त्या म्हणाल्या. "मंग कोणता आधी टाकू?"

मी म्हणालो, "जो जास्त भीत असेल तो."

त्यांनी खाली पाहिलं नाही. वॉकर पुढे ठेवला आणि डावा पाय उचलला.